चिंचेने घासलेली काडतुसं

कालेम्बा चौकी, नदीकाठ
९ फेब्रुवारी २००९

ती. लुफेयोदादाला धाकटीचा गुडघे टेकून नमस्कार. वि. वि.

दादा, तीन दिवस झाले, माझ्या डोळ्याला डोळा नाही. तामांडा रडत नाही, डासही फार नाहीत. शुक्रवारी तिच्या बापाचा शर्ट धुवायला घेतला तर खांद्यावर काहीतरी चिकट वाळलेलं होतं. मला वाटलं चिखल. तो म्हणाला हत्तीच्या सोंडेतलं पाणी आहे, साबण जरा जास्त लाव. कालवण सांडलंय म्हणावं तसं म्हणाला.

मग हळूहळू कळलं. कणसं खाणाऱ्या हत्तीला हाकलायला गेले होते. तो उलटला आणि आठ पावलांवर येऊन पडला. आमच्या चुलीपासून दार आठ पावलांवर आहे, मी मोजली. तेव्हापासून चुलीशी बसले की दाराकडे बघवत नाही.

आणि ह्याला कौतुक कसलं, तर त्या काडतुसाचं. देवाचं नाव नाही, स्वतःचं नाही. त्याचा नंबरच जपतो, तीनशे पंचाहत्तर, तीनशे पंचाहत्तर, दुसरं तोंडात नाही. मक्याच्या न्शिमाचा घास हातात तसाच थंड होतोय आणि हा सांगतोय की एकच गोळी लागली, दुसरी लागलीच नाही. ऑफिसने नवी बंदूक देऊ केली होती, ती ह्याने परत पाठवली. मी म्हटलं, सवत आणलीस ती पण पितळेची, निदान मका कांडायच्या कामाची तरी आणायचीस. शेजारची चिसुलोची बायको इतकी हसली की मुसळ सोडून खाली बसली. तो पण हसला. मग तामांडाच्या मुठीत एक काडतूस देऊन म्हणतो, बघ, हे तुझ्या आजाच्या आधीपासून आहे. मी काढून घेतलं.

चौकीवर तसली बंदूक एकच. बाकी दोघांकडे हलक्या आहेत, चोरट्या शिकाऱ्यांना धाक दाखवायच्या. म्हणून हत्ती असो की रानरेडा, बोलावणं येतं ते ह्यालाच. दादा, तू बाबांबरोबर बंदुका वाहिल्यास, रेड्याने तुझी कंबर मोडली, तुझं तो ऐकेल. त्याला लिही की अभयारण्याच्या फाटकावर बस. येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहिणाऱ्यालाही पगार मिळतोच.

वहिनीला नमस्कार. माझ्यावर माया आहे तशीच राहू दे.
तुझी
फायडेस


चिपाटा, बस स्टँड
१८ फेब्रुवारी २००९

चि. फायडेसला दादाचे अ. आ.

तुझं पत्र मासेवाल्यांनी पोचवलं, वासासकट. वाचून तुझ्या वहिनीने कपाळावर हात मारला आणि मी गुपचूप सायकलची चेन तेलात घालत बसलो.

अगं, त्या काडतुसाविरुद्ध बोलायला तू मलाच सांगतेस? पिणाऱ्याला दारूची निंदा करायला सांगण्यातली गत झाली. बाबांनी बावीस वर्षं साहेबांच्या बंदुका वाहिल्या. दर उन्हाळ्यात कोणीतरी पाहुणा नवीन नंबर घेऊन यायचा. आखूड, जाडं, जोरदार, म्हणे आता जुन्याचं काम नाही. आणि मग ऑक्टोबरच्या उन्हात, धुळीत, ते नवं काडतूस नळीत फुगून बसायचं. बाबा वारुळामागे बसून काठीने ते ठोकून काढतायत आणि पलीकडे रेडा त्यांना शोधतोय, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. माझी कंबर गेली त्या दिवशीही साहेबाच्या हातात नवंच होतं. तीनशे पंचाहत्तरचं अंग निमुळतं असतं, कोवळ्या कणसासारखं. जुन्या चपलेत पाय जावा तसं आत जातं आणि तसंच बाहेर येतं. हरणालाही तेच, हत्तीलाही तेच. शंभरीला आलंय आता. त्याला म्हातारं म्हणणारे सगळे मातीत गेले, ते दुकानात आहेच. झेब्रॉन आठ पावलांवरून घरी आला तो त्याच्यामुळे, हे तुझ्या सवतीच्या बाजूने मला सांगायलाच हवं.

पण तुझी काळजी खोटी आहे असं मी म्हणत नाही. त्याला वेगळं लिहिलंय. ऐकणार नाही.

एक मात्र तू बघ. गेल्या वर्षीच्या पुरात चौकीची पेटी दोन दिवस पाण्यात होती. त्यातली दोन काडतुसं फळीवर मारून बघितली तर उडाली नाहीत, असं झेब्रॉन मला म्हणाला होता. उरलेली आठ त्याने परत करायला एका डब्यात ठेवलीत, हिरवी पडलेली. ती वेगळीच राहू देत. बाबा चिंचेने पितळ घासायचे. एकदा घासलं की जिवंत कोणतं नि मेलेलं कोणतं, बाबांनाही ओळखू यायचं नाही. तेव्हा हौसेने कोणी डबा घासायला घेऊ नका.

तामांडाला एक पापा. आमच्यावरचा लोभ कमी करू नकोस, भांडण चालेल.
तुझा दादा
लुफेयो


कालेम्बा चौकी
१ मार्च २००९

ती. दादाला गुडघे टेकून नमस्कार. वि. वि.

तुझं त्याला आलेलं पत्र त्याने मोठ्याने वाचून दाखवलं आणि घडी करून खिशात ठेवलं. म्हणाला मेहुण्याचं काळीज सायकलच्या ट्यूबसारखं झालंय, ठिगळ लावून ठेवलंय. झालं, संपलं.

परवा नदीच्या वरच्या अंगाला एका रखवालदाराला रेड्याने मारलं. त्याची बायको माझ्याएवढी. तिला मी बाजारात पाहिलेलं, तिच्या कापडाला पिवळा काठ होता. आता तिला चौकीची खोली सोडावी लागणार. दादा, मला वाचता येतं तेवढं येतं, दुसरं काही येत नाही. मी तामांडाला घेऊन कुठे जाऊ?

म्हणून मी एक शोधलंय. १२ तारखेला, गुरुवारी, मोठा अधिकारी येणार आहे. प्रत्येकाची बंदूक फळीवर चालवून बघणार. ह्याच्याबरोबर चौकीवर असलेला चिसुलो म्हातारा सांगत होता की जी चालली नाही ती दुरुस्तीला चिपाट्याला जाते आणि सहा-सहा महिने येत नाही. बंदूक नाही म्हटल्यावर ह्याला फाटकावर बसवतील. सहा महिने, दादा. तोवर कणसं संपतील, गवत जळेल, जनावर लांबूनच दिसेल.

तू लिहिलेलंस ना चिंचेचं. डबा मला ठाऊक आहे. चिंच भिजत घातलीय. येत्या रविवारी त्याच्या पट्ट्यातली पाच काढून ती पाच घालणार. चांगली पाच भुईमुगाच्या मडक्यात ठेवीन, तपासणी झाली की जिथल्या तिथे. कोणाचं काही बिघडत नाही. चारच दिवसांचा प्रश्न आहे, आणि ती बंदूक तो मोठ्या जनावराशिवाय काढत नाही.

रागावू नकोस. वहिनीला सांगू नकोस. माया राहू दे.
तुझी
फायडेस


चिपाटा
१० मार्च २००९

फायडेस,

नमस्कार-आशीर्वाद नंतर. पत्र काल संध्याकाळी मिळालं. मासेवाले उद्या पहाटे निघतायत, हे त्यांच्याबरोबर देतोय.

घातली असशील तर वाचताक्षणी काढ. पट्टा त्याच्या कमरेला असला तरी काढ, काय वाटेल ते सांग, हवं तर माझं नाव घे. अगं वेडे, काडतूस उडालं नाही तर अधिकारी बंदूक नाही बघत, आधी काडतूस बघतो. मिनिटात कळेल. आणि बोलावणं काय तारीख बघून येतं का? जनावराला तुझा गुरुवार ठाऊक आहे का?

मी ऑफिसला फोन करायला उचलला होता. वायरलेसवरचा माणूस माझ्या ओळखीचा आहे. मग ठेवला. सरकारी काडतुसं घरात बदलली म्हटल्यावर झेब्रॉनची नोकरी त्याच दिवशी जाते, आणि खोली पण. म्हणून फोन न करता लिहितोय. मी बरोबर करतोय का ठाऊक नाही. दुकान उघडलंय पण हाताला काम सुचत नाही.

काढलीस की उलट निरोप धाड. लगेच.
लुफेयो


कालेम्बा चौकी
गुरुवार, १२ मार्च

हे पत्र ज्याच्या हातात पडेल त्या दादाला, काकाला, बाईला, सगळ्यांना गुडघे टेकून नमस्कार.

मी फायडेस. कालेम्बा चौकीवरच्या झेब्रॉनची बायको. हेच पत्र मी चार कागदांवर लिहिलंय आणि चार मासेवाल्यांकडे दिलंय. इथे फोन लागत नाही. तुम्ही डांबरी रस्त्याला लागलात की लागतो.

माझा नवरा रानरेड्यामागे गेलाय आणि त्याच्या पट्ट्यातली पाचही काडतुसं मेलेली आहेत. ती मी घातली. पुरात भिजलेली होती, चिंचेने घासून चकचकीत केली. आज तपासणी होणार होती, त्यात बंदूक नापास व्हावी म्हणून केलं. त्याने घरी बसावं म्हणून. त्याला काही ठाऊक नाही. उलट रविवारी पट्टा बघितला आणि एकेक काडतूस उजेडात धरून पाहिलं. मग चिसुलोकडे जाऊन दाखवून आला, म्हणाला, बघा, माझ्या बायकोने सवतीला न्हाऊ घातलं. पाची तो डोळे मिटून वापरील.

अधिकारी आलाच नाही. सकाळी पलीकडच्या काठावरून माणूस आला. कोणीतरी गावठी बंदुकीने रेडा जखमी करून सोडलाय, कापसाच्या शेतात त्याने एकाला तुडवलंय. मी भोपळ्याचा पाला खुडायला गेले होते. घरी असते तर पाय धरले असते, सगळं सांगितलं असतं, मारलं असतं तरी चाललं असतं. परत आले तर चिसुलोची बायको म्हणाली, आत्ताच गेले दोघं, तुझा नवरा आणि आमचा म्हातारा, होडीने. मी तामांडाला पाठीवर तशीच घेऊन घाटावर पळाले. होडी मधोमध होती. मी ओरडले. पाण्याचा आवाज एवढा की माझं मलाच ऐकू येईना. त्याला वाटलं मी निरोप देते. त्याने पट्ट्यावर हात ठेवून दाखवला आणि हसला.

दुपारपासून पाणी चढलंय. होडीवाला पलीकडेच राहिला. बरोबरच्या चिसुलो म्हाताऱ्याकडे हलकी बंदूक आहे, तिच्या गोळीने रेडा चिडतो फक्त. चांगली पाच काडतुसं माझ्या कमरेच्या कापडात बांधलेली आहेत, त्यांचा आता काय उपयोग.

मासेवाले आले तेव्हा माझ्या भावाचं पत्र घेऊन आले. त्यात लिहिलंय, काढ. मी उभ्याने वाचलं. एकाने विचारलं, ताई, कोणी गेलं का. मी म्हटलं, अजून नाही.

आता नीट ऐका. ते आज शेतकऱ्यांकडे उतरतील. जखमी रेडा गवतात शिरला की चिसुलो ऊन वर येईपर्यंत आत पाय टाकत नाही, त्याचा नियमच आहे. म्हणजे उद्या सकाळी आठ-नऊ. त्यांच्याजवळ हातातला वायरलेस आहे, तो फक्त मोठ्या ऑफिसशी बोलतो. ऑफिसचा नंबर मला ठाऊक नाही. माझ्या भावाला ठाऊक आहे, तिथला माणूसही त्याच्या ओळखीचा आहे. दुसऱ्या कोणाचं ते ऐकणार नाहीत, हसण्यावारी नेतील.

भावाचं नाव लुफेयो. चिपाटा बस स्टँडवर सायकली दुरुस्त करतो. नंबर मागच्या बाजूला कोळशाने मोठा लिहिलाय, पुसू देऊ नका. कागद माशांच्या टोपलीत ठेवू नका, छातीशी ठेवा.

त्याला एवढंच सांगा की फायडेसने काढली नाहीत, झेब्रॉन पलीकडे गेलाय, ऑफिसला फोन कर. तो म्हणेल नोकरी जाईल. त्याला सांगा, जाऊ दे. खोली जाऊ दे. मला धरून न्यायचं असलं तर मी इथेच घाटावर बसलेय, कुठे जात नाही. फक्त झेब्रॉनने गवतात शिरू नये. चिसुलोला घेऊन झाडावर बसावं, हाक मारावी, काहीही करावं, शिरू नये.

तुमच्या फोनमध्ये पैसे नसले तर दुसऱ्याचा मागा. लागला नाही तर टेकडीवर चढून परत लावा. हे सगळं वाचून माझी घाण वाटली तरी हरकत नाही, मला नंतर काय बोलायचं ते बोला. तुमच्या घरी बायको असेल, आई असेल. आधी माझ्या भावाला फोन करा.