कापड कापायचं राहिलं

ती. स्व. आत्यास,

कटिंग मशीनपाशी उभ्या उभ्याच साष्टांग नमस्कार. (खरोखरचा घालायला जागा नाही, जिकडे तिकडे छापील कागदांचे फर्मे रचलेत.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना कुरकुरतो की उतरताना, हे मागच्या पत्रात तू कळवलं नाहीस. शेजारणीला मात्र दोन पानं सुनावली होतीस, त्यावरून तब्येत उत्तम आहे असं आम्ही धरून चाललो. माग बंद केल्यापासून तू त्यावर गाद्या रचतेस असं बाबा म्हणाले. असू दे. मी इकडे बरा आहे, फक्त मालक माझ्याशी बोलत नाहीत.

त्याचं असं झालं. आमच्या छापखान्यात आशिया खंडातल्या जुन्या विणकामावरचं एक पुस्तक चाललंय. इतकं जाड, की बाइंडर म्हणतो, ह्याला पुठ्ठा नको, चौकट बसवून दार लावा. पानं कापता कापता मी ती वाचायला लागलो (ही सवय आमच्या धंद्यात वाईट, बोटं जातात) आणि वाचता वाचता वेडाच झालो. कुठल्या कुठल्या बेटांवरच्या बायका सुताला गाठी मारमारून ते रंगवतात, तेही विणायच्या आधी! म्हणजे कापडाचा अजून पत्ता नाही आणि त्याच्यावरचा पक्षी सुतात येऊन बसलेला. तू म्हणशील, यात काय मोठं, हे मला दुधाचे दात पडायच्या आधीपासून ठाऊक आहे. असेल. पण मला कोण सांगणार? लहानपणी तुझ्या मागाखाली झोपायचो तेव्हा मला वाटायचं, तो खटखटाट म्हणजे घराचाच आवाज आहे.

पुढे मालकांच्या डोक्यात खास आवृत्ती शिरली. प्रत्येक प्रतीत खऱ्या जुन्या कापडाचा नखाएवढा तुकडा चिकटवायचा. आणि तो कुठे, तर 'हा वारसा जपू या' ह्या शेवटच्या प्रकरणासमोर! त्यासाठी एका संग्राहकाच्या घरून त्यांनी एक कापड पैदा केलं. त्याचं वय कुणालाच ठाऊक नाही, पण मालकांच्या आजोबांनीही त्याला अहोजाहो केलं असतं.

ते टेबलावर उलगडलं आणि आत्या, आम्ही सगळे गप्प झालो. (संपादकबाईसुद्धा. त्यांना आम्ही स्वल्पविराम म्हणतो, कारण त्या पूर्णविरामापर्यंत कधी पोचत नाहीत.) लाल म्हणजे कसा लाल, तर आत कुणी दिवा लावून ठेवावा तसा. पक्ष्यांच्या रांगाच्या रांगा, आणि प्रत्येकाची कड किंचित पुसट, आत्ताच पंख हलवल्यासारखी. मग सुलटी बाजू कोणती, यावर जुंपली. स्वल्पविराम म्हणे ही, मालक म्हणे ती. बाइंडरने चष्मा पुसून निकाल दिला, की मालकांचीच (तो नेहमी तोच निकाल देतो). उलटून पाहिलं, तेच पक्षी. पुन्हा उलटलं, तेच. शेवटी आपण कुठल्या बाजूचे, हेच कुणाला आठवेना. त्या कापडाला उलटी बाजूच नव्हती गं! आपल्या अख्ख्या नात्यागोत्यात असा एक माणूस दाखव.

घडी करून ते पात्याखाली ठेवलं. मी पायाने दाब दिला, खटका ओढायचा तेवढा राहिला, आणि एका पक्ष्याची चोच दिसली. तिथे धागा जरा पुढे गेला असणार. विणणाऱ्याने थांबून तो केसभर मागे ओढून नीट बसवल्याची खूण होती. तू जिभेने 'च्' करून ओढायचीस, अगदी तसाच. त्या माणसाचं नाव राहिलं नाही, गाव राहिलं नाही, पण तो 'च्' मला ऐकू आला. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. मी पाय काढून घेतला आणि म्हणालो, हे माझ्याच्याने होणार नाही.

मालक म्हणाले, "कापड कापत नसशील तर हजेरीतून तुझं नाव कापतो. महिनाअखेर आवृत्ती बाहेर पडलीच पाहिजे." तोंडाला येईल ते बोलून मोकळं व्हायची आपल्या घराण्याची रीत तुला माहीतच आहे. मीही काहीतरी बोललो, मालक विचारात पडले, आणि कापड सध्या माझ्या कपाटात सुखरूप आहे. महिनाअखेरपर्यंत.

बाकी सगळं ठीक. शेजारणीशी बेताने घे.

तुझा,
भाचा

ता. क. मी बोललो ते असं, की माझी आत्या नवीन कापड विणून देईल, त्याचे तुकडे लावा आणि खाली 'हे कापड आज विणलेलं आहे' असं छापा. स्वल्पविरामांना ते इतकं आवडलं, की त्या एक वाक्य पूर्ण करून थांबल्या. मजकूर छापूनही झालाय. तेव्हा गाद्या खाली काढशील ना? पक्षी नकोत, साधा लाल पट्टा चालेल. तू नाही म्हणालीस तर पातं त्या चोचीवरच पडणार.

ता. क. दुसरा. मालक रविवारी सूत घेऊन तुझ्याकडे येताहेत. तू फार गोड बोलतेस असं मी त्यांना सांगून ठेवलंय. तेवढा एक दिवस सांभाळून घे.

ता. क. तिसरा आणि मुख्य. विणून झालं, की तुकडे तूच करून पाठव. तुझं सबंध कापड माझ्या पुढ्यात आलं तर ते कापायला माझा हात धजायचा नाही, आणि मग मालकांना सांगायला मी दुसरी आत्या कुठून आणू?