कॅप्टनची खुर्ची

गणपतीचा चौथा दिवस, मनवेलपाडा

शी! तो वास अजून नाकातून जात नाहीये.

आज आमच्या बिल्डिंगच्या मुलांचं नाटक होतं. अंतराळयानातच जन्मून तिथेच मोठी होणारी मुलं, आणि मी त्यांची कॅप्टन. प्लास्टिकच्या खुर्चीला चंदेरी कागद मीच चिकटवला होता. स्टेज बाप्पाच्या शेजारीच, म्हणून मेकअप चालू असताना कमिटीच्या सावंतकाकूंनी विचारलं, "मुलींनो, कोणी बाजूला नाही ना?"

मी हेल्मेटचा पट्टा लावत राहिले. आईच म्हणाली, "आमच्या हिला कालच पाळी आलीये."

सगळ्यांसमोर! का गं आई?

"मग आज राहू दे हां बाळा," म्हणत काकूंनी माझं हेल्मेट बिल्डिंगमधल्याच रोहनला दिलं आणि खुर्चीवर गोमूत्र शिंपडलं. माझ्या खुर्चीवर! चंदेरी कागदावरून पिवळे ओघळ खाली आले.

नाटक मी आमच्या गॅलरीतून बघितलं. रोहन त्या खुर्चीत बसून, मोबाईलमध्ये बघत माझं वाक्य वाचत होता, "पृथ्वीवरचं जुनं काहीही आपण या यानात आणलेलं नाही."

टाळ्या पडल्या. आईनेही वाजवल्या. खुर्ची अजून ओलीच होती.