अकरा नंबरचा डबा

७ ऑगस्ट, गुरुवार
डबा आला. काळा, प्लास्टिकचा, वीतभर उंच. आत अर्धं पाणी आणि पाण्यात उभी केलेली खरखरीत कापडाची पट्टी. आरोग्य खात्याची बाई घेऊन आली. गळ्यात ओळखपत्र, पायात पुरुषी बूट. मी तिला डासवाली म्हणते, तोंडावर नाही. गल्लीत बारा घरं, बारा डबे. आमचा अकरा नंबर. मागच्या पायरीवर सावलीत ठेवला.

म्हणाली, "आजी, डासाची मादी या पट्टीवर अंडी घालते. दर गुरुवारी येऊन मी ती मोजणार आणि नवी पट्टी लावणार. मधे कुणी हात लावायचा नाही."

म्हणजे डासांना आधी आमंत्रण द्यायचं, मग किती आले ते मोजायचं. सरकारी अक्कल!

दाराच्या चौकटीला कार्ड ठोकलं. आकडा त्यावर लिहिणार, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. आणि ही वही दिली. डब्यातलं पाणी आटलं, सांडलं तर तारीख घालून लिहा म्हणे. चौथीत शाळा सुटली माझी, अक्षर कोंबडीच्या पायांसारखं, पण येतं. डब्याचं रोज काय लिहिणार? उरलेली पानं माझी.

जाताना सुनेच्या पोटाकडे बघून थांबली. कितवा? सातवा. "या डासाचा ताप पोटुशीला वाईट. हे डास दिवसा चावतात. दुपारी पडलात तरी मच्छरदाणी लावा." सून हो हो म्हणाली. आधीचं पाचव्यात गेलं, ते डासवालीला कशाला सांगायचं.

९ ऑगस्ट
मच्छरदाणी ट्रंकेतून काढली. एक धड आहे, एकीला भोकं. धड ती सुनेच्या खाटेवर बांधली. मुलगा बर्फाच्या कारखान्यातून आला आणि म्हणतो, "आई, मी कुठे झोपू?" म्हटलं, तुझं कातडं जाड आहे.

१३ ऑगस्ट, बुधवार
उद्या डासवाली येणार म्हणून डबा बघायला गेले. पट्टीवर काळं काळं, कुणी काजळी झटकल्यासारखं. शी. पाहुणी घरी यायची आणि आपण तिच्यापुढे असली घाण ठेवायची? शिवाय आकडा दारावर लागणार. आयुष्यभर माझ्या पायरीवर कुणी बोट ठेवलं नाही.

भांडी घासायचा ब्रश घेतला, बादलीत पट्टी खसाखसा घासली. डबाही विसळला. पट्टी होती तशी उभी केली. अंडी गेली म्हणजे डासही गेले, त्या बाईचंच काम केलं की मी.

बादलीतलं पाणी मागच्या पिंपात ओतलं. नळ एक दिवसाआड येतो. वापरलेलं पाणी मोरी धुवायला ठेवते मी, फेकत नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार
डासवालीने भिंग लावून पट्टी उलटसुलट बघितली. शून्य. "वा आजी!" कार्डावर भलामोठा गोल काढला.

शेजारच्या शिंपिणीकडे त्रेचाळीस. तिचं तोंड एवढंसं झालं. बिचारी दिवसभर मशीनवर असते, नवरा जहाजावरून सुटून घरी बसलेला. संध्याकाळी आली. "काकू, तुमच्याकडे शून्य कसं हो?" आधी जरा नाकाने कांदे सोलले. मग सांगितलं.

२० ऑगस्ट, बुधवार
आज माझ्या मागच्या दारी दहा जणी. प्रत्येकीच्या हातात आपापली पट्टी, झबलं धुवायला आणल्यासारखी. "काकू, तुमच्या ब्रशने नीट निघतं." निघणारच. जोर लागतो. सगळ्यांच्या पट्ट्या मीच घासल्या, पाणी पिंपात. बायकांनी मग गप्पा मारल्या, सुनेच्या पोटाचा आकार बघून मुलगा की मुलगी त्यावर भांडल्या. बरं वाटलं. गल्लीत एवढ्या बायका एकत्र कधी आल्या होत्या?

समोरचा जाळीवाला तेवढा आला नाही. एकटा माणूस, होड्यांची जाळी शिवतो, अंगणात पाण्याचे टब.

२१ ऑगस्ट, गुरुवार
अकरा घरं शून्य. जाळीवाला सत्तावन्न! त्याच्या दारात उभी राहून ऐकवलं. टब रिकामे कर, गल्लीचं नाव घालवतोस. तोंडात सुई धरून म्हणतो, "टबात समुद्राचं पाणी आहे वहिनी, खारट. हा डास त्यात होत नाही, बाईंनी बघितलंय. आणि पट्टीवर जे आहे ते आहे."

शहाणा.

२४ ऑगस्ट
शिंपिणीचा नवरा तापला. हाडं मोडल्यासारखी दुखतात म्हणतो. पुरुषाला साधी सर्दी झाली तरी हाडं मोडतात, असं मी म्हणाले.

२५ ऑगस्ट
सुनेच्या खोलीत दुपारी डास. पायांवर पांढरे पट्टे असलेले. टाळीत चार मारले, एकात रक्त. कुणाचं रक्त ते काय कळणार! सून म्हणाली, "आई, मी जाळीतच होते, फक्त लघवीला उठले." म्हटलं, लघवीला जाताना पळत जा. हसली. मला हसू आलं नाही.

२६ ऑगस्ट
शिंपिणीचा नवरा उठून बसत नाही. शिंपिणीचं मशीन बंद. त्या आवाजाची एवढी सवय झाली होती हे आज कळलं.

२७ ऑगस्ट, बुधवार
पट्ट्या घासल्या. अकराही. या वेळी काळं फार होतं.

२८ ऑगस्ट, गुरुवार
अकरा शून्य. जाळीवाला चौऱ्याऐंशी. डासवाली कार्डाकडे बघत उभी राहिली. "गल्लीत एक तापाचा रुग्ण आणि सगळीकडे शून्य. एकाच घरात सगळे डास?" मी जाळीवाल्याच्या दाराकडे बोट केलं.

दुपारी फवारणीवाले आले. पाठीवर टाक्या, तोंडाला फडकी. मी सगळ्या खिडक्या उघडून ठेवल्या. जाळीवाल्याच्या घरात धूर मारला आणि गाडीत बसायला निघाले. मी रस्त्यात आडवी. आमच्याकडे कोण मारणार, तुझा बाप?

"आजी, यादी बघा. तीसच्या वर आकडा असलेल्या घरीच फवारणी. मागची पिंपं तपासायची, औषध टाकायचं, तेही त्याच घरी. तुमची घरं शून्यावर आहेत. तुम्हाला काय धाड भरलीय?"

गाडी गेली. मी कार्डावरचे तीन गोल बघत बसले.

२९ ऑगस्ट
कशात लक्ष नाही. दूध उतू गेलं. सून विचारते, "आई, काय झालं?" काही नाही. मुलगा विचारतो. काही नाही. दर तासाला तिच्या कपाळाला हात लावते. गरम आहे का माझाच हात गार आहे, कळत नाही.

३० ऑगस्ट
शिंपिणीच्या नवऱ्याला दवाखान्यात नेलं. सलाईन. रक्तात तोच ताप निघाला. शिंपीण जाताना माझ्या हातात किल्ली देऊन म्हणाली, "काकू, बुधवारी माझीही पट्टी तेवढी धुवा."

किल्ली अजून कमरेला आहे. टोचते.

१ सप्टेंबर, सोमवार
डासवालीच्या ऑफिसात गेले. दवाखान्यामागची एक खोली, टेबलावर बाटल्या, बाटल्यांत अळ्या वळवळताहेत. कुणी लोणची जपावीत तशा तिने त्या जपल्यात. मला बघून खुर्ची पुढे केली.

सरळ विचारायचं धाडस नव्हतं. आडून विचारलं. समजा एखादीने पट्टी धुतली, तर अंडी मरतात ना?

"धुऊन कशाने मरतील? सुकली तरी मरत नाहीत, आजी. महिनोन् महिने नुसती पडून राहतात. पाणी लागलं की फुटतात." मग माझ्याकडे नीट बघितलं. "धुतलेलं पाणी कुठे ओतलं एखादीने?"

पिंपात.

"पिंपावर झाकण?"

फळी आहे. अर्धी.

"कुणाचं पिंप, आजी?"

माझं म्हणाले. माझं, सुनेच्या खिडकीखालचं. सगळं सांगितलं. दहा जणी, ब्रश, तीन बुधवार. ती रागावेल असं वाटलं होतं. ती घाबरली. ते जास्त वाईट. लगेच बूट चढवले.

रिक्षात बसून मी फक्त एक विचारलं, डास उडत उडत ताप आणतो की माणसाकडून घेतो? "माणसाकडून. ताप आलेल्या माणसाला पहिले पाच-सहा दिवस चावला की डासात विष येतं. मग तो आयुष्यभर दुसऱ्यांना देत फिरतो. म्हणून आधी तापलेल्याला जाळीत ठेवायचं."

शिंपिणीचा नवरा सहा दिवस उघड्यावर झोपला होता. आमच्या भिंतीला भिंत लावून.

तिने पिंपावर टॉर्च मारला. पाणी जिवंत होतं. माझं, माझ्या हाताने घासून ओतलेलं पाणी. वर वर येऊन बुडणाऱ्या काळ्या शेपट्या, मोजता येणार नाहीत एवढ्या. अकरा घरांतली पैदास मी एका पिंपात आणून सुनेच्या उशाशी ठेवली होती. दुसऱ्याचे टब मात्र वाकून बघत होते.

दोघींनी पिंप आडवं केलं आणि पाणी वाळूवर सोडलं. "नाल्यात नको, वाळूत. वाळूत मरतात." मग पिंप आतून घासायला लागले. तोच ब्रश. तिने कडा दाखवल्या, "इथे चिकटलेली असतात, इथे जोर लावा." जोर लावायला मला कुणी शिकवायला नको.

२ सप्टेंबर
बायकांना बोलावलं. मागच्या दारी नाही, पुढे, रस्त्यावर. सांगितलं. कोपऱ्यावरची म्हणाली, "काकू, तुम्ही सांगितलंत म्हणून आम्ही केलं." खरं आहे. दुसरी म्हणाली, "आता शिंपिणीला काय सांगणार?" तेही खरं.

जाळीवाला दारात बसून ऐकत होता. आता हा बोलणार, सत्तावन्न आणि चौऱ्याऐंशीचा हिशेब चुकता करणार म्हणून मी कंबर कसून उभी. तो म्हणाला, "वहिनी, पिंपाला अख्खं झाकण नाही ना? जुनी बारीक जाळी आहे माझ्याकडे. बांधून देतो."

याच्यापेक्षा शिव्या बऱ्या.

संध्याकाळी फवारणी झाली, सगळ्या घरांत. डासवाली यादीबाहेर जाऊन घेऊन आली त्यांना. वरिष्ठांनी तिला काय सुनावलं ते ती सांगत नाही.

३ सप्टेंबर, बुधवार
सुनेला रात्री कणकण. मुलगा चप्पल न घालताच रिक्षा आणायला धावला. दवाखान्यात रक्त घेतलं, उद्या सांगतो म्हणाले. बाकावर बसून तिने माझा हात पोटावर ठेवला, आतला लाथा मारत होता. म्हणाली, "मला सांगितलं असतंत तर मी वाचून दाखवलं असतं. ठोकायच्या आधी बघितलं होतं मी, कार्डाच्या मागे सगळं छापलंय, पट्टी धुऊ नका म्हणून."

मागे! कार्ड ठोकलेलं. मागे कोण बघणार.

आज कुणी पट्टी धुतली नाही. मी मागच्या पायरीकडे गेलेच नाही. हात शिवशिवत होते.

४ सप्टेंबर, गुरुवार
सुनेचं रक्त साफ. साधी सर्दी. मुलगा कपाटाकडे तोंड करून रडला, मला दिसलं नाही असं त्याला वाटतं.

आकडे: आमचा एकशे सहा. शिंपीण एक्याण्णव. गल्लीत कुणीच तीसच्या खाली नाही, जाळीवाला साठ. डासवाली कार्डावर लिहायला गेली, मी पेन घेतलं. एकशे सहा, माझ्या कोंबडीच्या पायांनी. खिळा काढून कार्ड उलटं करून वाचलं आणि पुन्हा ठोकलं.

८ सप्टेंबर
शिंपिणीचा नवरा घरी आला. अर्धा उरलाय. किल्ली द्यायला गेले आणि सगळं सांगितलं. ती मशीनमध्ये दोरा ओवत होती. ओवत राहिली. शेवटी म्हणाली, "काकू, आता जा. परवा या." परवा जाईन.

११ सप्टेंबर, गुरुवार
आमचा एकवीस. शिंपीण चौदा. जाळीवाला नऊ आणि त्याचं त्याला कौतुक नाही. सुनेला आठवा लागला. पिंपावरची जाळी अशी ताणून बसवलीय की वर मांजर झोपतं.

१३ सप्टेंबर, शनिवार
सकाळी उठले तर डोळ्यांमागे ठणका. गुडघे, मनगटं, बोटांची पेरंसुद्धा. थर्मामीटर एकशे दोन.

मागच्या खोलीत फाटकी मच्छरदाणी बांधून घेतली, आत बसून लिहितेय. जाळीवाला बाहेरून भोकं शिवून गेला, तोंडात सुई धरून. डासवालीला निरोप गेलाय. पाच-सहा दिवस.

सून पाणी घेऊन दाराशी आलीय. आत येऊ नको म्हटलं तर तिथेच उभी, पोटावर हात ठेवून. "आई, काय हवंय?"

जाळीवर बाहेरून एक डास बसलाय, माझ्या मनगटासमोर. पायांवर पांढरे पट्टे. मारायचा तर जाळी उचलावी लागेल.

तिला म्हटलं, दार लाव आणि जा. मनगट आत ओढून घेतलं.