रुचीच्या कॉम्प्युटरचा बायोस

६ एप्रिल, सोमवार
रुचीनं आज स्वतः माझी गाडी थांबवली. नवेगाव बांधच्या चौकात, सगळ्यांदेखत. म्हणाली, राजदीप, तुले कॉम्प्युटरचं येते ना?

येते ना! दीड वर्ष डिप्लोमा केला आहे. सोडला तो सरांच्या स्वभावामुळे. खुर्ची मी फेकली नव्हती, जोरात सरकवली होती.

प्रकरण असं. वीस तारखेपासून सरकारी खरेदीसाठी रब्बी धानाची ऑनलाईन नोंदणी सुरू होते. रुची घरच्या पडवीत सेंटर टाकून राहिली आहे, तिचं पहिलंच काम. कॉम्प्युटर म्हातारा, म्हणून मामानं नागपूरहून नवीन प्रोसेसर पाठवला. तो बसवला तर स्क्रीन काळी. जुना परत लावला तर चालते. कोहमाऱ्याचा दुकानवाला प्रफुल्ल म्हणाला, आधी बायोस अपडेट करा, पण आठ दिवस माझ्याकडे गर्दी आहे.

म्हणजे अख्खा तालुका सोडून ती माझ्याकडे आली.

संकल्प: दोन दिवसांत बायोस. तिसऱ्या दिवशी मनातलं सांगणे.

७ एप्रिल
अभ्यास केला (दोन व्हिडिओ). बायोस म्हणजे मदरबोर्डचा जीव. बटण दाबलं की सगळ्यात आधी तो जागा होतो आणि घरात कोण कोण आहे ते बघतो. जुना असला तर नवीन माणसाला ओळखत नाही.

रुचीचे वडील उदारामकाका पण मला ओळखत नाहीत. दोघांना अपडेट करायचं आहे.

९ एप्रिल
गेलो. अंगणात मोहफुलं वाळत घातली होती, पहिलं पाऊल त्यातच पडलं. काकांनी विचारलं, कोनाचा पोट्टा होस बे? सांगितलं. मग म्हणाले, कॉलेज कायले सोडलं? मी विषय बदलला आणि त्यांच्या पंपाची चौकशी केली.

तिथंच नशीब उघडलं. घरात लाईट असते, पण पंपाला लागणारी थ्री फेज कधी येते याचा नेम नाही, काकांना दर वेळी घरामागच्या शेतावर पळावं लागते. मी म्हटलं, ऑटो स्विच लावून देतो. लाईट आली की मोटर आपोआप चालू. हा तर माझ्या डाव्या हातचा खेळ.

दिवसभर तेच केलं. डब्यात एक छोटी चकती असते, लाईट आल्यावर मोटर किती वेळ थांबून सुरू व्हावी त्याची. मी शून्यावर ठेवली. थांबायचं कायले?

काका म्हणाले, पोट्टा कामाचा आहे. रुचीनं ऐकलं. मी बघितलं की तिनं ऐकलं.

बायोसला वेळ मिळाला नाही. पण सासरा झाला.

११ एप्रिल
काकांचं बघून पूर्ण टोली, म्हणजे त्यांची वस्ती, मागे लागली. सगळ्यांच्या पंपांना ऑटो स्विच लावले. सगळे शून्यावर. टोलीची घरं आणि पंप एकाच डीपीवर, म्हणजे एकाच ट्रान्सफॉर्मरवर, त्यामुळे काम सोपं गेलं.

रुचीचा मेसेज: आमचं काम कधी करतो?
'आमचं' लिहिलं आहे. 'आपलं' व्हायला किती वेळ लागतो!

१३ एप्रिल
पेनड्राइव्ह आणायला कोहमाऱ्याला गेलो. प्रफुल्लनं न विचारता भाषण दिलं. बोर्डाचा नंबर नीट बघ, त्याचीच फाईल घे, यूपीएस लावल्याशिवाय हात लावू नको, मधात लाईट गेली तर बोर्ड मेला. मी म्हटलं, मले शिकवू नको. तो म्हणाला, शिकला असता तर शिकवलं नसतं. मी टेबलावर हात आपटला आणि ताडकन निघालो.

पेनड्राइव्ह तिथंच राहिला. परत गेलो. त्यानं तो आधीच पिशवीत घालून ठेवला होता. माणूस घमेंडी आहे.

१४ एप्रिल
संकल्प: आजपासून राग बंद.

तीच तारीख, दुपार
आई म्हणाली, तिच्या घरी एवढं राबून राहिला, आपल्या घरचा पंखा कवापासून बंद आहे? राग आला. उद्यापासून.

१६ एप्रिल
घरी नेटवर्क नाही. बायोसची फाईल तलावाच्या पाळीवर उभं राहून, मोबाईल वर धरून डाउनलोड केली. एक मच्छीवाला विचारून गेला, कोनाले हात दाखवून राहिला? बोर्डाचा नंबर मात्र बरोबर जुळवला. प्रफुल्लनं सांगितलं म्हणून नाही, माझं मलाच सुचलं.

१८ एप्रिल, शनिवार
सकाळ. आज होणारच. रुचीकडचा यूपीएस मेलेला आहे, नुसता टूं टूं करतो. काळजी नाही. लाइनमनला फोन करून विचारलं, आज लाईट जाणार का? म्हणाला, अजिबात नाही. सांगायचं वाक्यही पाठ केलं आहे. इस्त्रीचा शर्ट.

तीच तारीख, संध्याकाळ
लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

अपडेट सुरू केलं. स्क्रीनवर पट्टी सरकायला लागली. रुची खुर्ची घेऊन बाजूला बसली, डोळे पट्टीवर. पट्टी अर्ध्यावर आली. मी म्हटलं, रुची, एक सांगायचं होतं.

आणि थ्री फेज आली.

काकांची मोटर चालू झाली. तिच्यासोबत टोलीतल्या सगळ्या मोटरी, एका दमात, शून्य सेकंदात. व्होल्टेज पडलं, बल्ब लालसर झाला, पंखा मरगळला, कॉम्प्युटर टप्पकन बंद.

शेतातून काका आनंदानं ओरडले, रुची, चालू झाली वं! हात बी नाही लावला!

बटण दाबलं. काळी स्क्रीन. परत दाबलं. जुना प्रोसेसर, नवीन प्रोसेसर, काही ओळखत नाही. कॅबिनेटला एक लाथ मारली, हळूच. रुची म्हणाली, राजदीप, तू घरी जाय.

माझ्या तब्येतीची तिला काळजी आहे.

लाईट जाणार नाही याची चौकशी मी केली होती. येणार याची कोण करते?

१९ एप्रिल
कळलं की प्रफुल्ल रविवारचं दुकान बंद ठेवून त्यांच्याकडे आला. बोर्ड काढून घेऊन गेला, चिपमध्ये मशीननं बायोस भरणार म्हणे. तोवर स्वतःचा कॉम्प्युटर ठेवून गेला. चहा पिला. दोनदा.

उद्या त्याच्याशी बोलावंच लागेल. समोरासमोर.

२० एप्रिल, सोमवार
सकाळी उदारामकाका स्वतः आमच्या घरी! आईनं सतरंजी टाकली. मी आत जाऊन इस्त्रीचा शर्ट घातला.

काका म्हणाले, पेचकस घे अन् चाल. सगळ्यांचे ऑटो स्विच काढून दे. रुचीकडे नोंदणीची रांग लागली, एका झटक्यात मोटरी चालू झाल्या तर हाही कॉम्प्युटर जाईल. अन् मागच्या बांधानं ये, समोर गर्दी आहे.

मी म्हटलं, काढायची गरज नाही काका, चकती फिरवली की झालं. ते म्हणाले, तुह्या चकतीवर आता कोनाचा भरोसा नाही.

२४ एप्रिल
नवीन व्यवस्था. मी बांधावर बसतो. थ्री फेज आली की एकेक मोटर हातानं चालू करायची, पण रुचीला विचारून. तीच फोन करते. थांब, फॉर्म जाऊन राहिला. हं, आता दाब. दिवसातून चार-पाच वेळा तिचा फोन येते. कॉलेजात असतो तर हे सुख मिळालं असतं का?

वाक्य अजून पाठ आहे. मोटरीच्या आवाजात सांगता येत नाही एवढंच.

२७ एप्रिल
बोर्ड दुरुस्त होऊन आला. नवीन प्रोसेसर लागला. फार जोरात चालते म्हणतात.

दुपारी थ्री फेज आली. मी बटणावर बोट ठेवून तयार. रुचीच्या नंबरवरून फोन. उचलला.

प्रफुल्ल होता. म्हणाला, दाब.

दाबलं.