अर्ध्यावर सोडलेली दाढ

बाबा,

आई हबीबगंजजवळच्या मोठ्या हॉस्पिटलात आहे. टाऊनशिपच्या डॉक्टरांनीच तिकडे पाठवलं. कारखान्याच्या गेटवर निरोप ठेवला आहे, पण मिळाला नाही तर म्हणून ही चिठ्ठी. मी फक्त तिचं कारखान्याकडून मिळालेलं मेडिकल बुक न्यायला घरी आले. शेजारच्या कल्पनामावशी तिकडे थांबल्या आहेत.

तुम्ही सकाळी ड्यूटीवर गेलात तेव्हा तिचा गाल थोडाच सुजला होता. दहा वाजेपर्यंत सूज हनुवटीखाली गळ्यापर्यंत उतरली. तोंड उघडेना, थुंकीही गिळवेना. तीच दाढ, जिचं रूट कॅनाल महिन्यापूर्वी सुरू केलं होतं. पहिल्या खेपेला नस काढून तात्पुरतं कच्चं सिमेंट भरलं, ठणका थांबला आणि तुम्ही म्हणालात, "आता दुखत नाही ना? मग कशाला खेटे घालायचे?" ती पुन्हा गेलीच नाही. आज डॉक्टर म्हणाले, "नस काढली म्हणून दुखलं नाही. मुळाशी पू होतच राहिला. काम पुरं करून दाढेवर टोपी बसवायला हवी होती."

सूज आता श्वासनळीवर दाबते आहे. गळ्याला बाहेरून छेद देऊन पू काढणार आहेत. तुमची वाट बघायला वेळ नव्हता, म्हणून कागदावर सही मी केली.

तिला बोलता येत नाही. आत नेताना तिने माझ्या तळहातावर बोटाने लिहिलं, "बाबांना काही बोलू नकोस."

म्हणून मी काही बोलत नाही. कपडे बदलत बसू नका, तसेच या.

प्रतिभा