सातांपैकी दोनच पोचले

धरमपेठ, नागपूर
११ फेब्रुवारी १९७४

तीर्थस्वरूप सौ. इंदुताईस, धाकट्या मुकुंदाचा साष्टांग नमस्कार. (लोटांगण कागदावरच समज, खरं घातलं तर तिथेच डोळा लागायचा. का, ते सांगतो.) इकडे सर्व क्षेम, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. यवतमाळची थंडी उतरली का? भाऊजींचा गुडघा काय म्हणतो? आणि तुझ्या छातीतली ती सकाळची धडधड, चहा अर्धा कप केल्यावर थांबली का?

मला दिवाळीत हेडक्लार्क केलं, त्याला आता चार महिने होत आले. तेव्हापासून सकाळी साडेनवाला सायकलीला हात लावला की छातीत धाडधाड सुरू. हाताला घाम, घशात आवंढा, आणि आता आपलं काही खरं नाही असं वाटायचं. साहेब देवमाणूस, फायली वेळेवर. भिण्यासारखं काही नाही आणि भीती मात्र रोज हजर! शेवटी गुपचूप डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी कार्डिओग्राम काढला, हृदय ठणठणीत म्हणाले, आणि घाबरेपणासाठी रात्री अर्धी गोळी, पंधरा दिवस, लिहून दिली. मी विचारलं, पथ्य काय? म्हणाले, दारू नको. आता आपल्या घराण्यात औषधी काढासुद्धा नाक दाबून घेतात. हे काय पथ्य झालं? आणि पथ्य नसलेल्या औषधाचा गुण कसा येणार? म्हणून मी माझ्या अधिकारात वांगं सोडलं.

धरमपेठेत गोळी घ्यावी तर मुकुंदा वेडा झाला असा गल्लीभर बोभाटा. म्हणून सायकल हाणत थेट शहराच्या दुसऱ्या टोकाला इतवारी गाठली. दुकानदाराने चिठ्ठी उजेडात धरली आणि गर्दीवरून ओरडला, "काहून गा भाऊ, लय घाबरून राहिला का? अर्धीच घेजो, पूरी घेशील तं हापिसात घोरशील!" मागे वळून बघतो तर काय, नवा पितळी गंज काखोटीला मारून आमच्या समोरच्या घरातली कांताबाई! मेलो, म्हटलं.

डबीतून बारीक इंग्रजी अक्षरांचा कागद निघाला. डिक्शनरी घेऊन बसलो. त्यात सात परिणाम दिले होते: झोप, तोंडाला कोरड, चक्कर, तोल जाणं, विसर, अंगावर पुरळ आणि एकाचे दोन दिसणं. तू मला ओळखतेसच. वीस वर्षं आवक विभागात काढलेला माणूस मी. यादी आली की तिच्याप्रमाणे सगळं पोचलं की नाही ते बघणारच. वहीत सात रकाने आखले. झोप पहिल्याच शनिवारी आली (सत्यनारायणाच्या आरतीला सगळे उभे आणि मी मांडी घालून घोरतोय), दुसऱ्या दिवशी कोरड पोचली. पुढचे पाच काही येईनात. पुरळासाठी मी तुझ्या भावजयीकडून, प्रेमिलाकडून, रोज पाठ तपासून घेऊ लागलो, आणि त्यातच एक दिवस भरल्या वांग्याचं ताट बाजूला सारलं. झालं, तिने सगळं माझ्याकडून वदवून घेतलं. रागावली नाही, "मले आधी काहून नाही सांगितलं जी?" एवढंच म्हणाली आणि पाणी आणून दिलं. पण पाच परिणाम येत नाहीत म्हणजे गोळी नकली, या काळजीने मला पुन्हा धडधडायला लागलं.

वही घेऊन डॉक्टरांकडे गेलो. ते इतके हसले की कंपाउंडर आत डोकावला. मग नीट समजावलं, की कागदावर असतं ते काय होऊ शकतं त्याची सूचना असते, सगळं झालंच पाहिजे असं नाही. काही झालं तर लपवायचं नाही, येऊन सांगायचं. सुस्ती असेल तोवर सायकल बंद. गोळी आपल्या मनाने वाढवायची नाही आणि आपल्या मनाने एकदम सोडायचीही नाही. फार दिवस घ्यायची ही गोळी नव्हे, उतरवत उतरवत बंद करू. आणि हे वेड नाही, म्हणाले. ते शेवटचं वाक्य मी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं.

आता ऑफिसात पायी जातो. धडधड अधूनमधून येते, पण मी पोचतो. (वांगं अजून बंदच. डॉक्टरांवर विश्वास आहे, पण पथ्य ते पथ्य.) आणि कांताबाई? तिने गल्लीत चकार शब्द काढला नाही. परवा आली, दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाली, "त्या डॉक्टरचा पत्ता देता का जी मले?"

तुझा, आता डॉक्टरांच्या तोंडून वेडा नसलेला,
मुकुंद

ता. क. डॉक्टरांनी विचारलं होतं, घरात आणखी कोणाला असं होतं का? मी ठणकावून नाही म्हटलं. पायी परतताना आपले बापूजी आठवले. शाळेत शिकवायला निघाले की फाटकापासून तीनतीनदा परत यायचे, छत्री राहिली म्हणून, डिसेंबरातसुद्धा! आणि माठापाशी उभे राहून घटाघटा पाणी प्यायचे. आपण दाराआडून मोजायचो. तू नक्कल करायचीस, मी हसून लोळायचो. फार वाईट वाटलं वं ताई.

ता. क. दुसरा. या पाकिटात तुझ्यासाठी चार गोळ्या घालणार होतो. दुसऱ्या दिवशी विचारायला गेलो तर डॉक्टर खवळले: एकाची गोळी दुसऱ्याने घ्यायची नाही, आधी माणूस दाखवा. तेव्हा गोळ्या येणार नाहीत, तुलाच यावं लागेल. चहा मीही महिनाभर सोडून पाहिला होता. चहाने नाही होत ते, ताई. पुढच्या गुरुवारचा नंबर तुझ्या नावाने लावून ठेवलाय. भाऊजींना हवं तर सांग, मुकुंदाचं डोकं फिरलंय, बघून येते. पण ये. त्या दिवशी प्रेमिला वांगं करील आणि मी खाईन.