तीनदा पडलेल्या बाईचा जहाजविमा

३ नोव्हेंबर, सोमवार

आज ताट भिंतीवर. आमटी कॅलेंडरवर, शेवग्याची शेंग थेट पंख्याच्या बटणावर. कारण एवढंच की मी विचारलं, "अहो, विमा कुठला घ्यायचा?" साहेबांना जेवताना प्रश्न विचारलेले चालत नाहीत. तीस वर्षांत तुला एवढं कळू नये, असं म्हणाले. ताटाला पोचा पडलाय. वापरता येईल.

तेजूने ठाण्याहून, बाळकुमहून तिकिटं पाठवली मोबाइलवर. आमच्या लग्नाला तीस वर्षं होतायत म्हणून लेक-जावयाकडून भेट. सिंगापूरहून जहाज, चार दिवस, बाल्कनीची खोली. डिसेंबरात. "आई, विमा तेवढा तू बघ हं, बाबांना फॉर्म बघितला तरी राग येतो." बाबांना कशाचा येत नाही ते सांग म्हणावं.

समुद्र मी किनाऱ्यावरून पुष्कळ पाहिलाय, माहेर दापोलीकडचं. आत एकदाही गेले नाही. मला जायचंय. फार जायचंय. मोठ्याने म्हटलं तर त्यावरही काहीतरी फेकलं जाईल, म्हणून इथे लिहिते.

५ नोव्हें., बुध

विम्याच्या लेलेवहिनींकडे जाऊन आले, फडके रोडच्या मागे. त्यांनी तीन पॉलिसींची रंगीत माहितीपत्रकं पुढ्यात टाकली.

जहाजवाल्यांची स्वतःची: सहल रद्द झाली, बोट चुकली तर भरपाई. हाड मोडलं तर तुमचं तुम्ही बघा. बाद.

निळी: एकेकट्याची, स्वस्त. काही विचारत नाहीत. पण जुन्या दुखापतीने डोकं वर काढलं तर हात वर.

हिरवी: जोडप्याची एकत्र. जहाजावरचा दवाखाना, हेलिकॉप्टरने उचलून नेणं, जुनी दुखापत, सगळं त्यात. मात्र आधी सगळं सांगायचं.

ले.व. म्हणाल्या, "मग जुनं काही आहे का हो तुमचं?"

"डाव्या मनगटात धातूची पट्टी आहे. दोन बरगड्या. गळ्याजवळचं हाड."

"कशाने?"

"बाथरूममध्ये पडले."

"तिन्ही वेळा?"

"तिन्ही वेळा."

चष्म्यावरून पाहिलं माझ्याकडे, आणि लिहिलं. हॉस्पिटलं तीन, कागद तीन, वाक्य एकच. डोंबिवलीत बायकांच्या बाथरूमा भलत्याच निसरड्या असतात.

७ नोव्हें., शुक्र

साहेब चारला कट्ट्यावर पत्ते खेळायला जातात, सहाला परत. ते दोन तास माझे. भिंग घेऊन बारीक अक्षरं वाचली.

निळीत पान नऊ. "विमाधारकाच्या नातेवाईकाने अथवा सहप्रवाशाने केलेली इजा" भरून मिळणार नाही. म्हणजे समुद्रात चाचे चढले आणि त्यांनी मारलं तर मिळेल. घरच्या माणसाने मारलं तर नाही. इतकी हसले की बरगडी दुखली. पेन्सिलीने खूण केली तिथे.

मनगटाचं खरं असं. ते.ची, तेजूची, बारावी. पोळी करपली. सा.नी माझा हात धरला आणि ओट्याच्या कडेवर आपटला. एकदा आपटून भागलं नाही. दुसऱ्यांदा आवाज आला. रिक्षात म्हणाले, "बाथरूममध्ये पडली म्हणायचं." मला बोलायचं भानच नव्हतं. ते. बोलली. सतरा वर्षांची पोर, डॉक्टरांना स्वच्छ आवाजात म्हणाली, आई पडली.

तेव्हा मला तिचा अभिमान वाटला होता. कसली बाई मी.

९ नोव्हें., रवि

सा.ना खूण सापडली. माहितीपत्रक माझ्या नाकापुढे. "हे कुणाला दाखवायला?"

म्हटलं, कुणाला नाही, मलाच.

मनगट धरलं. पट्टीचा वरचा स्क्रू कुठे आहे ते बरोबर ठाऊक आहे, तिथे अंगठा दाबला. ओरडले नाही, शेजारच्यांकडे पाहुणे होते. मग केस धरून डोकं फ्रिजवर. फ्रिजवरचा गणपती खाली पडला तेव्हा थांबले. गणपती उचलला, पुसला, डोळे मिटून नमस्कार केला आणि चहा मागितला.

चहा दिला. लाटणं हातात होतं माझ्या. एक घाव मागून घातला असता तर झालं असतं सगळं. खरंच घालणार होते. धुऊन ठेवून दिलं.

११ नोव्हें., मंगळ

ले.वं.चा फोन. हिरवीवाल्यांनी अर्ज परत पाठवलाय.

"अहो, ते म्हणतात, बाई एवढ्या वेळा घरातल्या घरात पडते म्हणजे काहीतरी आजार असणार. चक्कर, फिट, मेंदूचं काही. मेंदूच्या डॉक्टरांचं पत्र आणा, नाहीतर पडून होणारी कुठलीही इजा आम्ही वगळणार."

तीन वेळा नवऱ्याची अब्रू झाकली, त्याचा हा आजार झाला. माझ्या नावावर.

फोन स्पीकरवर, सा. पेपर वाचत ऐकत होते. एकदम खूश. "मग लिही ना, चक्कर येते. विषय संपला!" लगेच ते.ला फोन लावला. "अगं, आईला तुझ्या चक्कर येते हल्ली. हो ना. सारखी पडते." ते. तिकडून, "आई, सांगितलं नाहीस कधी?"

मला आयुष्यात एकदाही चक्कर आलेली नाही. टायफॉइडमध्ये नाही, बाळंतपणात नाही.

१२ नोव्हें., बुध

दुपारभर एकच विचार. नीट लिहून काढते.

चार दिवस पाणी. खोलीचं दार बंद. बाल्कनीला कठडा, फोटोत पाहिला, माझ्या छातीपर्यंत येईल. शेजारी ऐकायला नाहीत. सा.ना राग यायला कारण लागत नाही. इथे मागे फ्रिज होता, तिथे मागे कठडा. आणि मी गेले तर? कागद तयार. तिला चक्कर यायची हो. मुलगीसुद्धा रडत तेच सांगेल. तिला ते पाठ आहे.

सा. ठरवून काही करत नाहीत. ठरवून केलं असतं तर एव्हाना कळलं असतं. आधी हात जातो, मग डोकं. म्हणूनच जास्त भीती वाटते.

आणखी एक, तेही लिहिते. कठडा त्यांनाही तेवढाच उंच आहे. हा विचार आला तेव्हा बरं वाटलं मला. पुष्कळ वेळ बरं वाटत होतं.

१४ नोव्हें., शुक्र

बाळकुमला गेले ते.कडे, सा.ना सांगितलं साडीचा फॉल लावायला टाकते. जावई ऑफिसात. म्हटलं, "खोली बदल. बिनबाल्कनीची दे, आतली दे, खिडकी नसलेली दे."

"आई, एवढी छान खोली मिळालीये! आणि बाबा आता बदललेत गं. रिटायर झाल्यापासून किती शांत झालेत."

बाही वर केली. अंगठ्याचा वळ हिरवा पडलाय. पाहिलं तिने. पाहून किचनमध्ये गेली, पाणी पिऊन आली.

"मग तू आधी का नाही बोललीस? दर वेळी पडले पडले."

"तूच सांगितलंस डॉक्टरांना."

"मी सतरा वर्षांची होते! मग आता काय करू? लिहून देऊ, मी खोटारडी आहे म्हणून? एवढं होतं तर सोडायचं होतंस ना त्यांना. आम्हाला कशाला ओढलंस त्यात?"

माझा हात उठला. फाडकन. तिच्या गालावर माझी चार बोटं. मला कळलंसुद्धा नाही कधी उठला ते. सा. नेहमी हेच म्हणतात, कळलंच नाही. आज पहिल्यांदा वाटलं, खोटं बोलत नसतील.

ती रडली नाही. नुसती बघत राहिली. परतीच्या बसमध्ये मी तोंडावर पदर घेऊन बसले होते. माझी लाज वाटते मला. लाटणं खाली ठेवलं होतं त्या हाताने हे करावं.

१६ नोव्हें., रवि

ते.ने खोली बदलली. न बोलता, न कळवता. सहलवाल्यांचा मेसेज सा.च्या मोबाइलवर आला. मग काय.

वरचा ओठ फाटलाय, दोन टाके. या वेळी डॉक्टरांनी कारण विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

पण मारता मारता जे म्हणाले ते लिहून ठेवायला हवं. गळा धरून, ओट्याला रेटून म्हणाले, "तुला काय वाटलं? मी तुला पाण्यात ढकलीन?"

मी तो शब्द काढला नव्हता. कुणाशीच काढला नव्हता. फक्त खोली बदला म्हटलं होतं. म्हणजे त्यांच्याही डोक्यात येऊन गेलंय. माझ्याआधी की माझ्यानंतर, कोण जाणे. मला वाटतं, त्यांनाही तेव्हाच कळलं, कारण हात सुटला आणि पलंगावर जाऊन बसले. मग रडले. माझा ओठ वाहत होता आणि मी त्यांना पाणी नेऊन दिलं. सवय.

१८ नोव्हें., मंगळ

ले.वं.नी कंपनीशी बोलून मार्ग काढला. मेंदूच्या डॉक्टरांचं पत्र नको, कंपनीचा डॉक्टर फोनवर प्रश्न विचारेल. उद्या अकरा वाजता. बोलणं नोंदवलं जातं.

"जे असेल ते सांगा," म्हणाल्या. मग, "मी दोन बिल्डिंगा पलीकडे राहते हो. कान आहेत मला." इतकी वर्षं कान होते तर, असं तोंडावर आलं होतं. आता तरी म्हणाली बाई.

सा.नी तालीम घेतली माझी. शेजारी बसणार, फोन मोठ्या आवाजावर ठेवणार. "डोळ्यांपुढे अंधारी येते. मग तोल जातो. गोळी चालू आहे." तीन वेळा म्हणायला लावलं. म्हटलं.

१९ नोव्हें., बुध

अकराला फोन. तरुण डॉक्टरीण, आवाज गोड. नाव, वय, बीपी, साखर. सा. खुर्ची ओढून जवळ. त्यांचा हात माझ्या मनगटावर, पट्टीवर. दाबला नव्हता, नुसता ठेवला होता.

"मॅडम, पडण्याआधी चक्कर येते का? डोळ्यांपुढे अंधारी?"

"नाही."

हात दाबला.

"मग पडलात कशामुळे?"

"पडले नाही. मारलं."

"सॉरी? आवाज तुटला बहुतेक. परत सांगता?"

परत सांगितलं. ओठाच्या टाक्यांमुळे नीट उच्चार होत नव्हता, म्हणून सावकाश. तिन्ही वेळा मारलं. मनगट, बरगड्या, गळ्याचं हाड. माझ्या मिस्टरांनी. ते इथेच बसलेत.

पलीकडे टाइप करण्याचा आवाज थांबला. मग तिने विचारलं, "मी हे असंच लिहू, मॅडम?"

"असंच लिहा."

"तुम्ही आत्ता सुरक्षित आहात का? मदत पाठवू?"

सा.कडे पाहिलं. तोंड उघडं, हात केव्हाच काढून घेतलेला. मी म्हटलं, "आत्ता आहे. पुढचं सांगता येत नाही."

फोन बंद झाल्यावर वाटलं, आता मरते. ओट्यावरची सुरी घेतली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिले. आला असता तर घातली असती. आला नाही. चपला घातल्या आणि गेला. पत्त्यांची वेळ नव्हती ती.

२० नोव्हें., गुरु

कंपनीने घरातल्या कुणाचा तरी लेखी दुजोरा मागितला होता. मी ते.ला सांगितलं नव्हतं, ले.वं.नी कळवलं. दुपारी ते. आली, गालावर अजून थोडं दिसतंय. अर्धं पान लिहून आणलं होतं. "त्या दिवशी डॉक्टरांना मी सांगितलेलं खोटं होतं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मी पाहिलं." खाली सही, पूर्ण नाव.

माफी मागितली मी तिची. ती म्हणाली, "आत्ता नको आई." पाया पडायला वाकली आणि पायाशीच बसून राहिली. तिथेच दोघी बसलो.

"तू चल माझ्याकडे."

"बघते."

"बघते काय? तिकीट रद्द करू?"

नाही म्हटलं. मला जायचंय जहाजावर. कुणाबरोबर, ते माहीत नाही.

२३ नोव्हें., रवि

हिरवी मंजूर. पडणं वगळलेलं नाही, चक्कर नाही, आजार नाही. ले.वं.नी परवा कागद आणून दिले. जोडप्याची पॉलिसी म्हणून अर्जदार सा., सही त्यांची. तिसऱ्या पानावर छापलंय, स्वच्छ टाइपात: पूर्वीच्या दुखापतींचे कारण, पतीकडून मारहाण. त्याच्या बरोबर खाली सहीची चौकट. मजकूर मान्य आहे म्हणून.

शुक्रवारपर्यंत सही झाली तर विमा. नाही झाली तर माझी मी निळी घेईन आणि आतल्या खोलीत एकटी जाईन, नाहीतर बाळकुमला जाईन. बॅग भरून दाराशी ठेवलीय. दोन्हीकडे तीच चालेल.

कागद जेवणाच्या टेबलावर, पेन शेजारी. दोन दिवस झाले. सा. बुधवारी रात्रीच परत आलेत. ओट्याशी उभे राहून जेवतात, टेबलाशी येत नाहीत. सुरी माझ्या उशीखाली आहे. आज सकाळी अंघोळ करून आले, चष्मा लावला, टेबलाशी बसले. तिसरं पान काढलं आणि वाचलं. बोट ठेवून, सावकाश, शाळेतल्या पोरासारखं. मी दारात उभी.

पेन उचललं, टोपण काढलं. परत लावलं.

सही केली नाही. कागद फाडलाही नाही.